प्रवाळ-मत्स्यालयातील कृत्रिम प्रकाश : घरगुती एल.ई.डी. दीपयोजनेची मूलतत्त्वे

रत्नागिरी जिल्ह्यातील लांजा हे तालुक्याचे ठिकाण मुंबई-गोवा महामार्गावर, जांभ्या दगडाच्या सड्यांमध्ये वसलेले आहे. समुद्र तेथून दिसत नाही. मुचकुंदी नदी मात्र याच तालुक्यातून वाहत जाऊन पूर्णगडच्या खाडीने समुद्रास मिळते. अशा ठिकाणी काचेच्या पेटीत प्रवाळ-मत्स्यालय उभारावयाचे म्हणजे समुद्राची प्रत्येक गोष्ट नव्याने घडविणे आले. खारे पाणी क्षारांच्या तयार मिश्रणातून करता येते. पाण्याची हालचाल पंपाने साधते. परंतु सूर्याची जागा घेणारा दिवा घरी तयार करावयाचा, तर केवळ विद्युत्-मंडलाचे ज्ञान पुरत नाही. तो प्रकाश कोणासाठी आहे, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो.

प्रवाळ हा प्राणी असला तरी उथळ पाण्यातील बहुतेक प्रवाळांच्या ऊतींत झूझँथेली नावाची एकपेशीय शैवले राहतात. ही शैवले प्रकाशसंश्लेषण करून अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा प्रवाळास मिळतो. प्रवाळाला दिवा हवा तो या भागीदारीमुळे. शैवलांतील हरितद्रव्ये व पेरिडिनिन हे रंगद्रव्य मुख्यतः निळा आणि निळसर-हिरवा प्रकाश शोषून घेतात. याला समुद्राचीही अनुकूलता आहे. तांबडा प्रकाश पाण्याच्या पहिल्या काही मीटरांतच बव्हंशी नाहीसा होतो, तर स्वच्छ पाण्यात निळा प्रकाश पुष्कळ खोलवर पोहोचतो. म्हणून दीपयोजनेत ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या गडद निळ्या दिव्यांना प्रधान स्थान द्यावे लागते; पांढरे दिवे वर्णपटाची पूर्तता करतात आणि पाहणाऱ्यास प्राण्यांचे रंग स्वाभाविक दिसू देतात.

येथेच नवशिक्याची सर्वांत मोठी फसगत होते. माणसाच्या डोळ्याची संवेदनक्षमता उजेडात ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशास सर्वाधिक असते. ४५० नॅनोमीटरला ती तिच्या सुमारे चार शतांशावर येते. लक्समापक यंत्रही माणसाच्या डोळ्याप्रमाणेच जुळविलेले असल्यामुळे त्याचा कौल तोच पडतो. परिणामी पेटी अंधुक वाटते, दिवे वाढविले जातात, आणि डोळ्याला मंद भासणारा प्रकाश प्रवाळाला असह्य ठरतो. यासाठी ४०० ते ७०० नॅनोमीटर या पट्ट्यातील प्रकाशकणांची संख्या मोजावी लागते. तिचे एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद हे होय. भर दुपारच्या निरभ्र आकाशाखाली हे मान सुमारे २००० असते. अनेक मऊ प्रवाळांना ५० ते १५० पुरेसे होते.

निळा दिवा इतक्या सुलभतेने उपलब्ध झाला तो अलीकडेच. दृश्य तांबडा प्रकाश देणारा डायोड निक होलोन्याक यांनी १९६२ साली सिद्ध केला. परंतु प्रखर निळ्या डायोडसाठी गॅलियम नायट्राइडचे उत्तम स्फटिक वाढविणे आवश्यक होते आणि असा डायोड १९९० च्या दशकापर्यंत साधला नाही. या कार्याबद्दल इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजचा पांढरा एल.ई.डी. हाही बहुधा निळाच डायोड असतो. त्यावरील प्रस्फुरकाचा थर काही प्रकाश पिवळ्यात बदलतो, इतकेच.

साठ सेंटिमीटर लांबीच्या पेटीसाठी बारा निळ्या व बारा पांढऱ्या डायोडांची दोन स्वतंत्र मंडले पुरेशी होतात. एका निळ्या डायोडवर सुमारे ३.३ व्होल्ट विभवांतर पडते; बारा डायोड एकसरीत जोडल्यास ३९.६ व्होल्ट होतात आणि ०.७ अँपिअर प्रवाहास सुमारे २८ वॅट शक्ती लागते. विद्युत्पुरवठा स्थिर व्होल्टचा नसून स्थिर प्रवाहाचा असावा. डायोड तापला की त्याला लागणारे विभवांतर कमी होते. व्होल्ट स्थिर ठेवल्यास प्रवाह वाढतो, त्याने उष्णता आणखी वाढते आणि अखेर डायोड जळतो. स्थिर प्रवाहाचा ड्रायव्हर हे दुष्टचक्र सुरू होऊ देत नाही.

दिव्यास मिळालेल्या ऊर्जेपैकी जवळजवळ निम्मी उष्णतेत जाते. म्हणून डायोड ॲल्युमिनियमच्या पातेदार ठोकळ्यावर, मध्ये उष्णतावाहक लेप देऊन, घट्ट बसवावे लागतात. कोकणातील दमट हवा व पेटीतून उडणारे खारे तुषार यांमुळे उघडे सांधे लवकर गंजतात. त्यांवर जलरोधक आवरण हवे. ड्रायव्हर पाण्यापासून दूर, पेटीच्या वरच्या पातळीस ठेवावा, तारेस पाण्याकडे न जाणारा खालचा झोल द्यावा आणि संपूर्ण पुरवठ्यावर गळती-प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच असावा. खारे पाणी उत्तम विद्युत्वाहक असल्याने या सूचनेस अपवाद नाही.

तयार दिवा प्रथमच पूर्ण तेजाने लावणे धोक्याचे असते. प्रकाश अतिरिक्त झाला म्हणजे शैवलांत ऑक्सिजनची घातक रूपे निर्माण होतात. प्रवाळ ती शैवले बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. पाणी तापलेले असल्यास हे अधिक लवकर घडते. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० व २०१६ साली उष्ण पाण्यामुळे असे विरंजन मोठ्या प्रमाणावर झाले. म्हणून एकतृतीयांश तेजापासून आरंभ करून कित्येक आठवड्यांत ते वाढवावे, प्रकाशाचा काळ रोज आठ ते दहा तासांचा ठेवावा आणि एप्रिल-मे महिन्यांत पाण्याच्या तापमानाकडे विशेष लक्ष द्यावे.

या दिव्याखाली काय ठेवावयाचे, हा प्रश्नही तांत्रिक प्रश्नाइतकाच महत्त्वाचा आहे. कोकणच्या समुद्रात प्रवाळ आहेत : मालवणच्या खडकांवर, तसेच विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर दूर असलेल्या आंग्रिया बँकेवर. मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ साली घोषित झाले. खडक रचणारे सर्व प्रवाळ, काळे प्रवाळ व समुद्रपंखे यांना २००१ साली वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. ते किनाऱ्यावरून उचलणे हा गुन्हा आहे. घरच्या पेटीस उरतात ते अनुसूचीबाहेरचे आणि वैध मार्गाने मिळालेले मऊ प्रवाळ व झोअँथिड. त्यांपैकी बहुतेकांस मध्यम प्रकाशच मानवतो.

यावरून दीपयोजनेचे खरे माप स्पष्ट होते. लांज्यातील घरी तयार केलेला दिवा किती लख्ख दिसतो, यावर त्याची योग्यता ठरत नाही. पाण्याखालच्या त्या प्राण्याचे मुखांगे पसरणे, रंग टिकणे व वाढ होणे हीच त्याची कसोटी होय.