भूर्जाची बेगमी

मार्चच्या शेवटच्या आठवड्यातही नॉर्वेतल्या एल्वेरुमला बर्फ होता. शनिवारी सकाळी ग्लोमा नदीपलीकडच्या जंगलातून पहिली मोटर खरखरली, मग दुसरी, मग आणखी लांबून तिसरी. आमच्या घरमालकांनी कॉफीचा कप खाली ठेवला, कान देऊन ऐकलं आणि म्हणाले, "आपल्याला उशीर झाला."

घरमालक सत्तरी ओलांडलेले, निवृत्त शाळामास्तर. त्यांच्या घरात प्रत्येक खोलीला विजेचा हीटर आहे. नॉर्वेची बहुतेक वीज पाण्यापासून होते, त्यामुळे थंडीने मरायची पाळी तिथे कुणावर येत नाही. तरीही हा माणूस दर वर्षी दोन-तीन शनिवार जंगलात घालवतो, झाडं पाडतो, ओंडके कापतो, फोडतो आणि रचतो. त्या गावात त्यांच्यासारखे पुष्कळ. कुणी बँकेत, कुणी इस्पितळात काम करतं. जळणाला तिकडे 'वेड' म्हणतात. मराठी कानाला हा शब्द भलताच लागतो.

जंगल कुणाचं, हा आपल्याला पडणारा पहिला प्रश्न. कुणी शेजाऱ्याच्या रानातली विरळणीची झाडं ठरवून घेतं, कुणी स्टाट्स्कुग या सरकारी कंपनीकडून परवाना काढतं. देशाची सुमारे एक पंचमांश जमीन या कंपनीकडे आहे. कुठली झाडं तोडायची ते ठरलेलं असतं, इतर झाडांना हात लावायचा नाही. आम्हाला मिळालेली सगळी झाडं बर्चची होती. नॉर्वेजियनमध्ये बर्चला 'ब्योर्क' म्हणतात. हा शब्द आणि आपला 'भूर्ज' एकाच मुळातून आले आहेत. ज्याच्या सालीवर आपल्याकडे पोथ्या लिहिल्या गेल्या, त्याच कुळातलं हे झाड. त्याची पांढरी साल हाताने सोलून निघते आणि ओली असली तरी पेटते, म्हणून शेकोटी पेटवायला ती खिशात ठेवतात.

मोटरसाग, म्हणजे चेनसॉ, हे यंत्र हातात घेण्याआधी घरमालकांनी मला अर्धा तास शेडमध्ये बसवून ठेवलं. साखळीला तीसेक दात होते, आणि प्रत्येक दाताला गोल कानस तितक्याच वेळा, त्याच कोनात मारायची. "भुसा बघ," ते म्हणाले, "पीठ पडलं तर साखळी बोथट. ढलप्या उडाल्या पाहिजेत."

या दाताची गोष्ट मला यंत्राच्या बाकी सगळ्या इतिहासापेक्षा मोलाची वाटते. 1926 मध्ये जर्मनीत आंद्रेआस श्टील यांनी विजेवर चालणारी साखळी-करवत बनवली. पुढच्याच वर्षी एमिल लेर्प यांनी थुरिंगियातल्या डोलमार डोंगरावर पेट्रोलची करवत चालवून पाहिली. ती पेलायला दोन माणसं लागत. पण साखळीचे दात साध्या हातकरवतीसारखेच होते. ते लाकूड खरवडत, लवकर बोथट होत, आणि धार लावण्यातच दिवस जाई. 1946 मध्ये अमेरिकेत ओरेगॉनमध्ये जोसेफ कॉक्स नावाचा लाकूडतोड्या सरपण फोडत होता. एका बुंध्यात त्याला भुंग्याची जाड अळी दिसली. अळी लाकूड आडवंही खाते, उभंही खाते, तिला सारखंच. कॉक्सने तिचे जबडे निरखले तेव्हा कळलं, ती एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून कुरतडते. त्याने तळघरातल्या आपल्या कामाच्या जागेत तसे डावे-उजवे वाकडे दात पोलादात घडवले. 1947 मध्ये त्याची साखळी बाजारात आली, आणि आज जगातल्या बहुतेक चेनसॉच्या साखळीत तोच दात आहे. प्रयोगशाळा नव्हती, वरिष्ठ अभियंता नव्हता. सरपण फोडणाऱ्या एका माणसाने किड्यापुढे बसून राहण्याइतका वेळ काढला, इतकंच.

पुढचा प्रवास वजन उतरवण्याचा. 1959 मध्ये श्टीलची 'काँट्रा' आली, सहा अश्वशक्तीची आणि सुमारे 12 किलोची, एका माणसाने चालवायची. नॉर्वेत ड्रोबाक इथे योन्सेन आणि बुस्क या दोघांनी दुसऱ्या महायुद्धानंतर करवती बनवायला घेतल्या. दोन्ही आडनावांची आद्याक्षरं जोडून 'योबू' हे नाव झालं. घरमालकांच्या वडिलांची योबू अजून शेडमध्ये फळीवर आहे, आणि तिच्यावर धूळ नाही. घरमालक वापरतात ती करवत पाच-सहा किलोची असेल.

हलकं झालं म्हणून यंत्र गरीब झालं नाही. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला की करवत उसळून थेट चालवणाऱ्याच्या चेहऱ्याकडे येते. हात पुढे सरकला की साखळी थांबवणारा ब्रेक 1970 च्या दशकात रुळला, तो यासाठीच. पायांसाठी खास विजार असते. तिच्या आत लांबच लांब धाग्यांचे थर असतात. साखळी कापडाला लागली की धागे बाहेर ओढले जातात, यंत्राच्या चाकाला गुंडाळतात आणि करवत जागीच अडकते. शेडमध्ये एका खिळ्याला अशी एक विजार टांगलेली आहे, डाव्या मांडीवर फाटलेली, पांढरे धागे लोंबणारी. ती कुणाची, हे मी विचारलं नाही. घरमालकांनी ती दाखवली, मग माझ्या अंगातल्या विजारीचे पट्टे स्वतः आवळले.

झाड पाडणं मी फक्त पाहिलं. ज्या बाजूला पाडायचं त्या बाजूला खाच घ्यायची, मग मागून कापत यायचं, पण आरपार नाही. मध्ये बुंध्याच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढी लाकडाची पट्टी शिल्लक ठेवायची. दार बिजागरीवर फिरतं तसं झाड त्या पट्टीवर फिरतं. शेंड्यातून आधी कुरकुर आली, मग बर्फाची पावडर उडाली, आणि मग किती तरी वेळ कुणी काही बोललं नाही.

दोन शनिवारांत करवतीचं काम संपलं. मी मनात म्हणत होतो, झालं. घरमालक म्हणाले, आता सुरू झालं. या छंदाकडे बाहेरून पाहणाऱ्याची इथेच चूक होते, कारण त्याला ऐकू येते ती मोटर. खरं काम मुकं असतं.

ओंडके तीस सेंटिमीटरचे, कारण शेगडीचं तोंड तेवढं. गोठलेलं असतानाच फोडायचं. लाकडातलं पाणी बर्फ झालेलं असतं, त्यामुळे कुऱ्हाडीच्या एका घावात चिरफळी स्वच्छ सुटते. उन्हाळ्यात तोच ओंडका कुऱ्हाड धरून ठेवतो. ताज्या बर्चच्या वजनातला निम्म्याच्या आसपासचा भाग पाण्याचा असतो. एका घनमीटर लाकडातून अडीचशे लिटरच्या वर पाणी निघून गेलं पाहिजे, तेव्हा कुठे ते धूर न करता जळतं. ओलं लाकूड आपली बरीच ऊब स्वतःचंच पाणी उकळण्यात घालवतं आणि उरलेल्यात चिमणी काळी करतं. उन्हाळ्यात झाड पाडायची वेळ आली तर तिथे एक जुनी युक्ती आहे. पानांसकट झाड तसंच पडू द्यायचं. मूळ तुटलेलं असतं, तरी पानं पाणी ओढत राहतात आणि खोड आतून सुकवतात. पानं कोमेजली की मग तुकडे करायचे.

रचण्याचं तंत्र तर स्वतंत्र विद्या आहे. जमिनीवर आधी दांडे टाकायचे, म्हणजे खालून वारा खेळतो. वर छप्पर, बाजू मोकळ्या. साल वर की खाली, यावर त्या देशात खरोखर दोन तट आहेत. साल वर ठेवली तर पावसाचं पाणी ओघळून जातं. खाली ठेवली तर लाकडाला वारा लागतो. 2011 मध्ये लार्श मित्तिंग यांचं 'हेल वेड' हे जळणावरचं पुस्तक आलं आणि धडाक्याने खपलं. त्यावरून नॉर्वेच्या सरकारी दूरचित्रवाणीने 15 फेब्रुवारी 2013 च्या रात्री बारा तासांचा कार्यक्रम केला. त्यातले आठ तास पडद्यावर नुसती शेकोटी जळत होती. कार्यक्रम चालू असताना साठेक तक्रारी आल्या. निम्म्या म्हणत होत्या, साल वर का, आणि निम्म्या म्हणत होत्या, खाली का. घरमालक साल वर ठेवणारे. पलीकडची बाई खाली ठेवणारी. दोघांची रचण चाळीस वर्षं शेजारी शेजारी उभी आहे.

त्या चिरफळ्या रचताना मला आजोळची पडवी आठवत राहिली. कोकणात मृग लागायच्या आत ऐन-किंजळीची लाकडं आणि गोवऱ्या वळचणीला रचून व्हायलाच हव्यात. एक वळीव जरी आधी येऊन गेला तरी आजी चार महिने धुमसणाऱ्या चुलीपुढे डोळे पुसत बसायची. 'बेगमी' हा शब्द मी तिच्या तोंडून शिकलो. रानातून मोळी डोक्यावर आणणाऱ्या बायांना सरपण हा छंद असू शकतो असं सांगितलं असतं, तर त्यांनी मला वेड्यात काढलं असतं आणि ते योग्यच झालं असतं. ज्याला न करण्याची मोकळीक आहे त्याचाच तो छंद. हे मी एल्वेरुममध्ये एक दिवसही विसरू शकलो नाही. पण आजी आणि घरमालक यांची भेट झाली असती, तर भाषेवाचूनही त्यांचं जमलं असतं असं मला वाटतं. दोघंही लाकूड उचलल्यावर आधी त्याचं वजन मनाशी जोखत.

जळणाचा धूर निरुपद्रवी नाही, हे तिथले लोक मानतात. ओस्लोत थंडीच्या दिवसांत हवेतल्या बारीक कणांचा मोठा वाटा शेगड्यांचा असतो. 1998 पासून नवी शेगडी स्वच्छ जळणारीच असावी असा नियम आहे. पेटवायचंही वरून. मोठी लाकडं खाली, काटक्या वर, म्हणजे खालून निघणारा धूर वरच्या ज्वाळेत जळून जातो. चूल खालून पेटवत आलेल्या माझ्या हाताला हे उलटं वळण लागायला आठवडा गेला.

शेवटची परीक्षा कानाची. दोन चिरफळ्या एकमेकींवर आपटायच्या. ओल्या असतील तर बद्द आवाज येतो. सुकल्या असतील तर टणत्कार होतो, लेझीमसारखा. शंका राहिली तर एका टोकाला भांड्यांचा साबण लावून दुसऱ्या टोकाने फुंकायचं. सुकलेल्या बर्चमधून बुडबुडे निघतात.

ऑगस्टमध्ये मी परत निघालो. आदल्या संध्याकाळी मी फोडलेल्या लाकडांतल्या दोन चिरफळ्या काढून आपटून पाहिल्या. घरमालकांनी मान हलवली, त्या माझ्या हातातून घेतल्या आणि होत्या त्याच जागी, साल वर करून ठेवल्या. त्यांच्याकडे जुनं लाकूड आधी जळतं. दर जानेवारीत ते मला रचणीचा फोटो पाठवतात. माझी लाकडं उत्तरेकडच्या टोकाला, तिसऱ्या थरापासून वर आहेत. अजून त्यांची पाळी आलेली नाही.