एका कॉम्प्युटरला दोन प्रोसेसर : बीबीसी मायक्रोच्या पोटाखालचं ‘ट्यूब’ बोर्ड

हा भाग ऐकण्यापेक्षा वाचायला सोयीचा पडेल, कारण मध्येच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायचा आहे. म्हणून लिखित रूप जरा सविस्तर ठेवलंय.

विषय आहे जुन्या घरगुती कॉम्प्युटरला नवा प्रोसेसर बसवण्याचा. आणि कॉम्प्युटर कुठला, तर बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनं १९८१ च्या शेवटी बाजारात आणलेला. तुम्ही म्हणाल, आपला काय संबंध? तर आहे. १९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं शाळांमध्ये कॉम्प्युटर शिकवायचा ‘क्लास’ नावाचा प्रकल्प सुरू केला, तेव्हा त्यात निवडलेलं मशीन हेच होतं. भारतात शाळकरी मुलांच्या एका पिढीनं पहिल्यांदा बटणं दाबली ती याच तांबड्या-काळ्या कीबोर्डची. यातली बरीच मशीनं पुढं कपाटात गेली आणि कपाटातून भंगारात. काही अजून कपाटातच आहेत. तसं एखादं हाती लागलं तर किलोवर घालू नका, एवढ्यासाठीच हा भाग.

आधी मशीनची ताकद बघू. मॉडेल बी मध्ये ६५०२ जातीचा प्रोसेसर, वेग २ मेगाहर्ट्झ, मेमरी ३२ किलोबाइट. वेग त्या काळाच्या मानानं झकास होता. खरी अडचण मेमरीची. चांगल्या ग्राफिक्सचा मोड लावला की एकट्या स्क्रीनलाच २० किलोबाइट लागतात. त्यात फ्लॉपी डिस्क जोडलेली असेल तर तीही आपला वाटा घेते. मग तुमच्या प्रोग्रॅमला उरतात जेमतेम पावणेसहा किलोबाइट. व्हॉट्सॲपवरचा एखादा स्टिकरही याहून मोठा असतो.

यावर सरळ उपाय म्हणजे जुना प्रोसेसर उपटायचा आणि त्याच सॉकेटमध्ये दुसरा दमदार बसवायचा. इतर अनेक मशीनांसाठी तशी बोर्डं निघाली. एकॉर्नच्या लोकांनी मात्र पहिल्या दिवसापासून वेगळी सोय करून ठेवली होती. मशीन उलटं केलंत की कीबोर्डच्या खालच्या बाजूला ४० पिनांचं एक कनेक्टर दिसतं. त्याचं नाव ‘ट्यूब’. यातून जुन्या प्रोसेसरला न हलवता बाहेरून दुसरा प्रोसेसर जोडता येतो.

मग दोघं काम कसं वाटून घेतात? खानावळ डोळ्यांसमोर आणा. बाहेर गल्ल्यावर बसलेला माणूस गिऱ्हाईक सांभाळतो, ऑर्डर घेतो, ताट नेऊन देतो. आत एकजण फक्त रांधतो. मध्ये एक छोटी खिडकी. जुना ६५०२ हा गल्ल्यावरचा माणूस : कीबोर्ड, स्क्रीन, डिस्क सगळं तोच बघतो. प्रोग्रॅम चालतो आतल्या प्रोसेसरवर. ट्यूब ही खिडकी. तिच्यात चिठ्ठ्या रांगेनं ठेवल्या जातात, आधी आलेली आधी उचलायची. बाहेरच्याला आत शिरायचं नाही, आतल्याला बाहेर यायचं नाही.

एकॉर्नच्या भाषेत जुन्या प्रोसेसरला ‘यजमान’ म्हणतात आणि नव्याला चक्क ‘बांडगूळ’! हापूसच्या झाडावरचं बांडगूळ झाडाचा रस पितं. इथं उलट आहे. राबतं ते बांडगूळच.

फायदा काय? एकॉर्नच्या मूळ ६५०२ दुसऱ्या प्रोसेसरचा वेग ३ मेगाहर्ट्झ आणि स्वतःची मेमरी ६४ किलोबाइट. स्क्रीनची मेमरी यजमानाकडे राहते, त्यामुळं बेसिकमध्ये प्रोग्रॅमला मोकळे ३० किलोबाइट मिळतात. बेसिकची खास आवृत्ती वापरली तर ४४. पावणेसहावरून ४४! त्या काळी हे डब्यातून अख्ख्या बंगल्यात गेल्यासारखं होतं.

तो मूळ डबा आज मिळणं कठीण. त्याच्या जागी हल्ली लोक ‘पायट्यूबडायरेक्ट’ वापरतात. एक रास्पबेरी पाय झिरो आणि त्याच्यासाठी एक छोटं बोर्ड. हे बोर्ड का लागतं ते नीट समजून घ्या. बीबीसी मायक्रो ५ व्होल्टवर बोलतो, पाय ३.३ व्होल्टवर. दोघांना थेट जोडलंत तर पाय जळेल. मधलं बोर्ड व्होल्टेज बदलून देतं.

आता बोर्ड बाजूला ठेवा. आधी पॉवर सप्लाय. ही पायरी कोकणात तर अजिबात गाळायची नाही. या मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये मेन्सच्या तारांवर काही फिल्टर कपॅसिटर असतात, पारदर्शक पिवळसर आवरणाचे, आत कागदाचे थर. वर्षानुवर्षांनी आवरणाला बारीक भेगा पडतात, हवेतला ओलावा आत शिरतो. आणि मग एक दिवस मशीन लावल्यावर पाच-दहा मिनिटांत फट्ट आवाज, खोलीभर घाण वासाचा धूर. आपल्याकडं वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस आणि वर खारी हवा. अशा ठिकाणी ४० वर्षं पडून असलेल्या मशीनचे हे कपॅसिटर बदलल्याशिवाय प्लग लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. नवे घेताना ‘एक्स-२’ वर्गाचे, प्लॅस्टिक फिल्मचे घ्या. हे काम मेन्सच्या वीजेचं आहे, आणि प्लग काढल्यावरही आतला मोठा कपॅसिटर काही वेळ झटका देऊ शकतो. टीव्ही किंवा इन्व्हर्टर दुरुस्त करणारा ओळखीचा मेकॅनिक असेल तर त्याच्याकडूनच करून घ्या.

झाकण उघडायचं तर स्क्रू शोधत बसायला नको. मागं दोन आणि खाली दोन, प्रत्येकाशेजारी ‘फिक्स’ असं लिहिलेलंच आहे. आत पिनांवर हिरवट बुरशीसारखं काही दिसलं तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश. रॉम चिप सॉकेटमध्ये हलकेच दाबून बघा, बऱ्याचदा त्या वर आलेल्या असतात.

ट्यूब चालायला यजमानाच्या रॉममध्ये ट्यूबचा कोड लागतो. तो ‘डीएनएफएस’ नावाच्या रॉममध्ये असतो. डिस्क असलेल्या पुष्कळ मशीनांत ही आधीच बसवलेली सापडेल. नसेल तर रिकाम्या सॉकेटमध्ये बसवायची, आणि शेजारच्या बेसिक रॉमची खाच ज्या बाजूला आहे त्याच बाजूला हिची खाच ठेवायची. उलटी बसली तर चिप गेली.

मग प्रत्यक्ष जोडणी, जी सगळ्यात सोपी. मेमरी कार्डवर पायट्यूबडायरेक्टच्या फायली टाका. पाय बोर्डवर बसवा. मशीन बंद असतानाच बोर्ड ट्यूबला लावा. पट्टी केबल वापरत असाल तर आखूडच घ्या आणि तिची लाल कड पहिल्या पिनकडे. पायला वीज ट्यूबमधूनच मिळते, त्यामुळं वेगळा मोबाइल चार्जर लावायचा नाही.

सुरू केल्यावर नेहमीच्या ‘बीबीसी कॉम्प्युटर ३२के’ ऐवजी पहिल्या ओळीत ‘एकॉर्न ट्यूब’ दिसलं की काम झालं. नाही दिसलं तर घाबरू नका. पाय जागा व्हायला क्षणभर उशीर झालेला असतो. कंट्रोल धरून ब्रेक दाबा.

गंमत म्हणजे ब्रेक दाबल्यावर बेसिकची १६ किलोबाइटची अख्खी रॉम त्या खिडकीतून पलीकडं पाठवली जाते आणि तिथं चालू होते. ‘स्टार एफएक्स १५१,२३०’ आणि पुढं एक आकडा दिलात, पुन्हा कंट्रोल-ब्रेक केलंत, की तोच पाय वेगळ्याच प्रोसेसरचं सोंग घेतो. कधी ६५०२, कधी झेड-८०.

एक निराशा आधीच सांगून ठेवतो. जुने बहुतेक गेम यावर चालणार नाहीत. वेगासाठी ते थेट स्क्रीनच्या मेमरीत लिहायचे, आणि ती मेमरी आता खिडकीपलीकडं आहे. ‘एलिट’ची मात्र दुसऱ्या प्रोसेसरसाठी खास आवृत्ती निघाली होती, ती जरूर बघा.

आणि आता तुमच्या हातातला फोन. एकॉर्नला पुढच्या मशीनसाठी मनासारखा प्रोसेसर मिळेना, म्हणून सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी स्वतःच एक आखला. त्याचं सुरुवातीचं मॉडेल बीबीसी बेसिकमध्येच लिहिलेलं होतं. २६ एप्रिल १९८५ ला पहिली चिप आली, आणि ती तपासली कशावर? बीबीसी मायक्रोच्या ट्यूबवर, दुसरा प्रोसेसर म्हणून. फर्बर यांनी वीज मोजली तर मीटरचा काटा शून्यावर. बोर्डवर वीजजोडणीच राहून गेली होती, आणि चिप इतर पिनांतून झिरपणाऱ्या विजेवर खुशाल चालत होती! तीच पहिली ‘आर्म’ चिप. तुम्ही हा भाग ज्या फोनवर वाचताय त्यातला प्रोसेसर त्याच घराण्यातला, आणि रास्पबेरी पायमधलाही.

काम झाल्यावर पायला शटडाऊन वगैरे करायची गरज नाही, त्यावर लिनक्स चालतच नसतं. सरळ मागचं बटण बंद करा. पावसाळ्यात मशीन झाकून, सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवा, आणि महिन्यातून एकदा तरी तासभर चालवा.