विमानाच्या पाठीला फुग्याचा डबा

आमच्या खाप्यात कन्हान नदीवर पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला आधी रिकामा डबा बांधतात. डबा बुडू देत नाही, पण जोरात पोहूही देत नाही. शंभर वर्षांपूर्वी काही संशोधकांनी विमानालाही असाच डबा बांधून पाहिला. तो डबा म्हणजे फुगा!

आता हे का करावंसं वाटलं? फुगा प्लावक बलाने वर जातो. आम्ही कॉन्व्हेंटमध्ये यालाच 'बॉयन्सी' म्हणून घोकलं. त्याला वेगाची गरज नाही. विमानाच्या पंखाला मात्र वेग मिळाल्याशिवाय लिफ्ट मिळत नाही. त्या काळची इंजिनं दुबळी, म्हणून दोन्ही जोडावेत, हा विचार तसा सरळच होता.

कॅलिफोर्नियात जॉन माँटगोमेरी यांनी 1905 मध्ये आपलं ग्लायडर गरम हवेच्या फुग्याला टांगून उंच नेलं. तिथून ते सोडलं की डॅनियल मलोनी ते चालवत खाली आणायचा. एप्रिलमध्ये तो सुखरूप उतरला. 18 जुलैला मात्र वर जाताना फुग्याच्याच दोरीने ग्लायडरचं नुकसान झालं आणि मलोनीचा जीव गेला. म्हणजे ज्याचा आधार घेतला, तोच घात करून गेला.

पुढच्याच वर्षी पॅरिसमध्ये ब्राझीलच्या आल्बर्टो सांतोस-द्युमाँ यांनी आपलं विमान 14 नंबरच्या एअरशिपखाली टांगून तपासलं. म्हणून विमानाचं नाव '14-बिस', म्हणजे 'पुन्हा 14'. तोल कसा राहतो ते कळलं, पण फुगा वेग घेऊ देईना. त्यांनी सरळ फुगा काढला, जास्त ताकदीचं इंजिन बसवलं आणि 23 ऑक्टोबर 1906 ला सुमारे 60 मीटर उड्डाण केलं. 12 नोव्हेंबरला 220 मीटर!

यामागचं गणित आपण सगळे शिकलोय. 1 घनमीटर हेलियम जेमतेम 1 किलो उचलतो. 80 किलोसाठी साडेपाच मीटर व्यासाचा फुगा लागेल. वेग दुप्पट केला की हवेचा विरोध चौपट आणि लागणारी पॉवर आठपट. शिवाय आमच्याकडचा मे महिना! 15 अंशांपेक्षा 45 अंशांना हवा जवळपास 10 टक्के विरळ, म्हणजे फुगा आणि पंख दोघांचीही उचल कमी.

मग ही कल्पना टाकाऊ का? नाही. 2016 मध्ये ब्रिटनमध्ये उडालेल्या 'एअरलँडर 10' चं बरंचसं वजन हेलियम पेलतो आणि उरलेलं त्याचा पंखासारखा आकार. वेग कमी, पण मोठी धावपट्टी लागत नाही. आपल्या मुंबईच्या आयआयटीतही प्रा. राजकुमार पंत यांच्या गटाने रिमोटवर चालणाऱ्या छोट्या एअरशिप्स उडवल्या आहेत.

फायनल इयरला असा प्रोजेक्ट घ्यायचा आमच्या ग्रुपचा विचार आहे. पण वही उघडली की मी पहिला प्रश्न हाच लिहिणार आहे: आपल्याला वेग हवा की नुसतं तरंगायचंय? उत्तर वेग असेल, तर डबा सोडावाच लागेल.