‘मिडलक्लास’ ही शिवी कुणाला लागली?

मालिकांविषयी लोक काय बोलतात, ते मी बरीच वर्षं वहीत टिपून ठेवतो आहे. विद्यापीठाशी माझा संबंध नाही. लग्नघरं, लोकलचे डबे आणि सोसायटीच्या सभा, एवढंच माझं अभ्यासक्षेत्र. या वह्यांत सर्वांत टोकाची मतं सापडतात ती ‘साराभाई व्हर्सेस साराभाई’बद्दल. एकाच घरात मुलगा म्हणतो, असं विनोदी पुन्हा झालंच नाही. आणि आई म्हणते, त्यात हसण्यासारखं होतं काय?

ही मालिका स्टार वन वाहिनीवर २००४ ते २००६ या काळात आठवड्यातून एकदा लागे. आतिश कपाडियांचं लेखन, देवेन भोजानींचं दिग्दर्शन. कफ परेडमधलं एक श्रीमंत गुजराती कुटुंब : इंद्रवदन (सतीश शाह), त्याची उच्चभ्रू बायको माया (रत्ना पाठक शाह), आईवेडा कवी-नट धाकटा रोसेश (राजेश कुमार), थोरला डॉक्टर साहिल (सुमीत राघवन) आणि साहिलची पंजाबी बायको मोनिशा (रूपाली गांगुली). सुनेचं मूळ नाव मनीषा. सासूला ते फारच ‘मिडलक्लास’ वाटलं, म्हणून मोनिशा झालं. मालिकेचा सगळा विनोद या एका नामांतरात साठवलेला आहे.

त्या वेळी टीआरपी बेताचा होता. टीआरपी म्हणजे काही हजार घरांत बसवलेल्या यंत्रांवरून काढलेला अंदाज. किती घरांत काय चालू होतं, ते त्यातून कळतं. कुणाला किती आवडलं, ते कळत नाही. दहा जणांनी भाजी निवडता निवडता पाहिलेली मालिका चार जणांनी जीव टाकून पाहिलेल्या मालिकेपेक्षा तिथे मोठीच ठरणार. शेजारच्या स्टार प्लसवर ‘क्यूंकि सास भी कभी बहू थी’चा जोर होता. तीही सासू-सुनेचीच गोष्ट, पण तिथे सून रडायची. गंमत म्हणजे मोनिशालाही अशाच रडक्या मालिकांचं वेड दाखवलं आहे.

आता त्या आईच्या प्रश्नाकडे येतो. मोनिशा सेलमध्ये धावते, पैसे वाचवते, घर पसरून ठेवते. माया त्यावर अत्यंत सफाईदार टोमणा मारते. आपण हसतो ते टोमण्याच्या घडणीला. पण टोमणा ज्या वस्तूवर पडतो ती वस्तू आपल्या स्वयंपाकघरातही असते. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, चहाच्या पातेल्यावरचं न जुळणारं झाकण. माझ्या वहीतल्या एका बाईंनी हे नेमकं सांगितलं : ‘हसता हसता एकदम वाटलं, ही माझ्याच घरात आली तर?’

मराठीत ‘मध्यमवर्गीय’ हा शब्द आपण जवळजवळ अभिमानानं वापरतो. काटकसर, शिक्षण, अब्रू असं बरंच काही त्यात येतं. मायाच्या तोंडी त्याचाच इंग्रजी अवतार शिवी होऊन येतो. आपल्या विनोदाची सवयही वेगळी. चिं. वि. जोशींचा चिमणराव स्वतःच स्वतःची फजिती सांगतो. ‘बटाट्याची चाळ’मध्ये चाळीला हसणारा चाळीचाच माणूस असतो. इथे हसणारी बाई कफ परेडच्या उंचीवरून खाली बघते. ज्यांना हा प्रवेश टोचला, त्यांना विनोद कळला नाही असं मी म्हणणार नाही. तो त्यांना फार चांगला कळला होता.

मग आवडणाऱ्यांचं काय? माझ्या मते त्यांना वाचवलं इंद्रवदननं. तो घरचा कर्ता, पैसेवाला, तरी कायम सुनेच्या बाजूनं. मायाचा डौल आणि रोसेशच्या कविता यांची तो मुलासारखी खोडी काढतो. प्रेक्षकाला बसायला त्याच्या शेजारची जागा मिळते. तिथून पाहिलं की हास्यास्पद दिसते ती माया. ज्याला ती खुर्ची सापडली त्याला मालिका प्रेमळ वाटली. जो मोनिशाजवळच बसून राहिला त्याला ती उर्मट वाटली.

कीर्ती पुढे पुनःप्रक्षेपणांतून आणि मोबाइलवरच्या तुकड्यांतून वाढली. तुकड्यात टोमणा उरतो, टोचणी बरीचशी गळून जाते. २०१७ मध्ये हॉटस्टारवर दुसरं पर्व आलं तेव्हा जुन्या चाहत्यांतच दोन तट पडले. मला स्वतःला ते पर्व थकलेलं वाटलं. आठवड्याच्या अंतरानं लाडकी वाटणारी लकब सलग चार भाग पाहिले की यांत्रिक दिसू लागते. शिवाय तोवर मोनिशावर हसणाऱ्यांच्या घरातही सेलचे खोके रोज येऊ लागले होते.

रूपाली गांगुली २०२० पासून ‘अनुपमा’ झाली आणि टीआरपीच्या शिखरावर गेली. मोनिशानं ती मालिका एक भाग न चुकवता पाहिली असती.