चिवटपणा : पदार्थाचा आणि स्वभावाचा

'चिवट' हा शब्द मराठीत फारशा मानाचा नाही. शिळी पोळी चिवट होते, औषधाला दाद न देणारा खोकला चिवट असतो, आणि ज्याच्या हातून पैसा सुटत नाही अशा माणसालाही आपण चिवटच म्हणतो. याउलट 'कठीण', 'वज्रासारखा' ही विशेषणे आपण गौरवाने योजतो. विद्यार्थ्यांस निश्चयाचा उपदेश करतानाही वज्राचाच दाखला देण्याचा प्रघात आहे. परंतु पदार्थविज्ञानाच्या साक्षीने पाहिले, तर मानाची ही वाटणी न्याय्य ठरत नाही. काठिण्य आणि चिवटपणा हे दोन भिन्न गुण आहेत. किंबहुना एक वाढला की दुसरा घटतो, असेच पुष्कळदा आढळते.

काठिण्य म्हणजे पृष्ठभागावर ओरखडा उमटू न देण्याची शक्ती. फ्रीड्रिख मोस यांनी १८१२ मध्ये खनिजांची जी श्रेणी लावली, तिच्यात हिऱ्याचे स्थान दहावे, म्हणजे सर्वोच्च आहे. जेड या हिरवट पाषाणाचा नेफ्राइट हा प्रकार सहा ते साडेसहाच्या पायरीवरच थांबतो. मात्र हातोड्याचा घाव बसला म्हणजे हा क्रम उलटतो. हिरा ठराविक पातळ्यांवर दुभंगतो. जेड सहसा दुभंगत नाही. जेडच्या अंतरंगात अतिसूक्ष्म तंतू परस्परांत गुंतलेले असतात आणि त्यामुळे भेगेला सरळ वाट सापडत नाही. म्हणूनच चीनमधील कारागीर हा पाषाण छिन्नीने फोडून नव्हे, तर घासून घासून घडवीत आले.

मग चिवटपणा म्हणजे नेमके काय? तुटण्यापूर्वी आघाताची जेवढी ऊर्जा पदार्थ आपल्या पोटात घेतो, तेवढा त्याचा चिवटपणा. ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२० मध्ये काचेविषयी दाखवून दिले की, ती तुटते ती तिच्यातील सूक्ष्म चिरांमुळे. ताण चिरेच्या टोकाशी एकवटतो, आणि काचेला तेथे किंचितही नमता येत नसल्यामुळे चीर पुढे धावते. मऊ पोलादात असे होत नाही. चिरेच्या टोकाशी धातू थोडा ओघळतो, टोक बोथट होते आणि घावाचे बळ त्या ओघळण्यातच खर्ची पडते. जॉर्ज शार्पी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कसोटीत लोलकाच्या एका घावाने धातूचा तुकडा मोडतात आणि लोलक पलीकडे किती उंच जातो, यावरून धातूने गिळलेली ऊर्जा मोजतात. त्या तुकड्याला आधी मुद्दाम खाच पाडलेली असते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. निर्दोष वस्तू किती टिकते, हा येथे प्रश्नच नाही. खाच पडल्यावर ती किती टिकते, हा प्रश्न आहे.

हा गुण परिस्थितीवरही अवलंबून असतो. १६ जानेवारी १९४३ रोजी अमेरिकेतील पोर्टलंड येथे 'शेनेक्टडी' हे नवे तेलवाहू जहाज शांत पाण्यात, धक्क्याशी उभे असताना दुभंगले. ना वादळ होते, ना तोफगोळा. त्या काळचे पोलाद थंडीत ठिसूळ होई आणि सदोष सांध्यापाशी उगम पावलेली चीर अखंड जोडलेल्या पत्र्यांतून विनाअडथळा धावत जाई. रिव्हेट मारून बांधलेल्या जहाजात ती बहुधा एका पत्र्याच्या कडेशी येऊन थांबली असती.

आता स्वभावाकडे वळू. महर्षी धोंडो केशव कर्वे (१८५८–१९६२) यांचे चरित्र या दृष्टीने पाहावे. परीक्षेसाठी ते मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल पायी गेले आणि वयाने लहान दिसतात, या कारणास्तव परत पाठविले गेले. १८९३ मध्ये त्यांनी एका विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. ही खाच खोल होती. कठीण प्रकृतीचा माणस येथे एक तर मोडला असता किंवा समाजाशी कायमचा फटकून राहिला असता. कर्व्यांनी यांतले काहीच केले नाही. १८९६ मध्ये त्यांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि तेथे पुनर्विवाहाचा प्रचार न करण्याचे धोरण ठेवले. पुनर्विवाहाचे काम स्वतः केलेल्या माणसाने हे करावे, याबद्दल कित्येक सुधारकांनी त्यांना दोष दिला. पण विधवांना शिक्षण मिळावे, हा हेतू तसूभरही हलला नव्हता. त्याचे बाह्य रूप मात्र नमले होते. त्या नमण्यामुळेच कार्याला तडा गेला नाही. १९१६ मध्ये त्यातूनच महिला विद्यापीठ उभे राहिले.

हट्ट आणि चिकाटी यांतील भेद येथे स्पष्ट होतो. हट्टी माणूस आपल्या प्रत्येक शब्दाचे रक्षण करतो. चिवट माणूस एकाच गोष्टीचे रक्षण करतो आणि बाकीच्यांत थोडे ओघळू देतो.

शिक्षकांसाठी याहून मोलाचा धडा लोहाराच्या भट्टीत आहे. हत्यार लाल तापवून पाण्यात बुडविले की ते अत्यंत कठीण होते. त्यालाच आपण 'पाणी देणे' म्हणतो आणि त्यावरूनच तेजस्वी माणसाला 'पाणीदार' म्हणतो. परंतु जाणता लोहार तेथे थांबत नाही, कारण नुसते पाणी दिलेले पाते पहिल्या घावालाच उडते. तो ते पुन्हा मंद आचेवर धरतो. त्याने काठिण्य थोडे उतरते, पण चिवटपणा येतो. शिस्तीचे थंड पाणी आमच्या शाळांतून पुरेसे दिले जाते. त्यानंतरची मंद आच द्यावयास मात्र आम्ही पुष्कळदा विसरतो. एका अपयशाने मोडून पडणारा हुशार विद्यार्थी पाहिला, म्हणजे दोष त्याच्या धातूचा की आपल्या घडणीचा, हे प्रत्येक शिक्षकाने स्वतःस विचारावे.