बायोडेटात लपवण्यासारखं असतं तरी काय?

सरकारी रोजगार केंद्राकडे असलेल्या माहितीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येतं : ‘बायोडेटा तर आपण स्वतःच दहा ठिकाणी वाटत असतो. त्यात लपवण्यासारखं असतं तरी काय?’ नोकरी शोधणारी मुलं हे म्हणतात, त्यांचे आईवडील म्हणतात आणि कधीकधी खिडकीपलीकडचे कर्मचारीही म्हणतात. कर्मचाऱ्यांच्या तोंडून ऐकलं की जास्त त्रास होतो. बायोडेटात कधीच नसलेल्या किती गोष्टी त्या नोंदीत असतात, हे त्यांना रोज स्क्रीनवर दिसत असतं.

बायोडेटा तुम्ही लिहिता. मधली दोन वर्षं घरी बसून होतो हे त्यात घालायचं की नाही, ते तुम्ही ठरवता. तो कोणाला द्यायचा, हेही तुमच्याच हातात. रोजगार केंद्रातली नोंद वेगळी. आपल्याकडे महास्वयम् किंवा राष्ट्रीय करिअर सेवेच्या पोर्टलवर नाव घालताना जन्मतारीख, पत्ता, मोबाइल, शिक्षण यांच्या जोडीला ओळखपत्राचा क्रमांक, सामाजिक प्रवर्ग, दिव्यांगत्व असे रकाने येतात. ज्या देशांत बेकारभत्ता मिळतो, तिथे फाइल आणखी जाड होते : शेवटचा पगार, नोकरी सोडली की काढून टाकलं, कोणती भेट चुकवली, सल्लागाराने काय शेरा मारला. मदत हवी असेल तर हे सांगावंच लागतं, ‘हा रकाना कोरा ठेवतो’ म्हणायची सोय नसते. ज्याच्यापुढे पर्याय नाही, त्याची माहिती अधिक काळजीने जपायला हवी, एवढं तरी मान्य व्हायला हरकत नसावी.

हे हवेतलं बोलणं वाटत असेल, तर फ्रान्समध्ये काय झालं ते पाहा. तिथल्या सरकारी रोजगार संस्थेचं नाव ‘फ्रान्स त्रावाय’. २०२३ संपेपर्यंत ती ‘पोल एम्प्लुआ’ म्हणून ओळखली जायची. मार्च २०२४ मध्ये तिने जाहीर केलं की सुमारे ४.३ कोटी लोकांची माहिती चोरांच्या हाती गेली असण्याची शक्यता आहे. हा आकडा अनेकांना छपाईची चूक वाटतो, कारण फ्रान्सची अख्खी लोकसंख्याच सात कोटींच्या आत आहे. पण आकडा बरोबर आहे. गेल्या २० वर्षांत नाव नोंदवलेले सगळे त्यात होते, शिवाय नोंदणी न करता पोर्टलवर नुसतं खातं उघडलेलेही होते. कधीकाळी चार महिने बेकार असलेला आणि आज निवृत्तीला आलेला माणूससुद्धा त्यात सापडला. ‘नोकरी लागली की आपलं नाव निघतं’ या समजुतीचं उत्तर यातच आहे. यादीतून नाव निघतं, साठ्यातली माहिती मात्र तशीच पडून राहू शकते.

संस्थेने तेव्हाच सांगितलं होतं की पासवर्ड आणि बँकेचे तपशील गेलेले नाहीत. ते खरंही होतं. पण ‘मग बिघडलं काय?’ असं म्हणणाऱ्यांनी गेलेल्या गोष्टींची यादी एकदा वाचावी : नाव, जन्मतारीख, सामाजिक सुरक्षा क्रमांक, रोजगार संस्थेतला क्रमांक, ईमेल, फोन, घरचा पत्ता. पासवर्ड दोन मिनिटांत बदलता येतो. जन्मतारीख कशी बदलणार? फ्रान्सचा सामाजिक सुरक्षा क्रमांक तर स्वतःच बोलतो. पहिला अंक लिंग सांगतो, पुरुषाला १ आणि स्त्रीला २. पुढे जन्माचं वर्ष, मग महिना, मग जन्माचा जिल्हा. परदेशात जन्मलेल्यांसाठी तिथे ९९ येतं. म्हणजे समोरचा माणूस परदेशात जन्मला आहे का, हे नुसत्या क्रमांकावरून कळतं. आणि हा क्रमांक जन्मभर पुरतो.

या सगळ्याहून महत्त्वाची एक गोष्ट कुठल्याच रकान्यात लिहावी लागत नाही : या माणसाला नोकरीची गरज आहे. फसवणूक करणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. नाव, पदवी, प्रवर्ग आणि नोंदणी क्रमांक हाताशी असलेला माणूस फोन करतो, ‘तुमची निवड झाली, पडताळणीचे अडीच हजार आज संध्याकाळपर्यंत भरा’ म्हणतो, तेव्हा तो कार्यालयातलाच वाटतो. आपला नोंदणी क्रमांक परक्याला कसा ठाऊक असेल, असं कोणालाही वाटेल. वर्षभर वाट पाहिलेल्या मुलाला हा फोन खोटा वाटावा, अशी अपेक्षा करणं मला क्रूर वाटतं. म्हणून स्पष्ट लिहितो : राष्ट्रीय करिअर सेवेची नोंदणी मोफत आहे. तिच्या नावाने कोणी पैसे किंवा ओटीपी मागितला तर फोन ठेवा. पैसे गेलेच असतील, तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा.

‘हॅकर लोक हुशार, त्यांच्यापुढे कार्यालय काय करणार?’ हाही एक आवडता समज. फ्रान्समध्ये चोर आत आले ते दिव्यांगांना रोजगार मिळवून देणाऱ्या ‘कॅप एम्प्लुआ’ या भागीदार संस्थेतल्या सल्लागारांची खाती वापरून. त्यासाठी त्यांनी माणसांनाच गंडवलं. तिथल्या माहिती संरक्षण आयोगाने, ‘क्निल’ने, जानेवारी २०२६ मध्ये फ्रान्स त्रावायला ५० लाख युरोंचा दंड केला. आयोगाने दाखवलेल्या त्रुटी अगदी साध्या आहेत. लॉगिनची पडताळणी कच्ची होती, संशयास्पद वापर लक्षात यावा अशी नोंद ठेवली जात नव्हती आणि सल्लागारांना स्वतःचा संबंध नसलेल्या लोकांचीही माहिती उघडता येत होती. आरोग्याचे तपशील असू शकतात अशा पूर्ण फाइलींपर्यंत चोर पोहोचले नाहीत, हे नशीब. आता आपल्याकडच्या कार्यालयांकडे बघा. एकच लॉगिन चौघांत वापरलं जातं, पासवर्ड मॉनिटरला चिकटवलेला असतो, असं दृश्य कोणाला नवं आहे?

काही गैरसमज थोडक्यात.

‘संगणक भेदभाव करत नाही.’ ऑस्ट्रियाच्या रोजगार सेवेने नोकरी मिळण्याच्या शक्यतेनुसार लोकांचे तीन गट पाडणारं मॉडेल आणलं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कागदपत्रांत स्त्री असण्याला उणे गुण होते, आणि घरी कोणाचा सांभाळ करावा लागत असेल तर त्याचे उणे गुणही फक्त स्त्रियांनाच. ऑगस्ट २०२० मध्ये तिथल्या माहिती संरक्षण प्राधिकरणाने ते थांबवलं, पुढे प्रकरण कोर्टात गेलं. पोलंडनेही २०१४ पासून बेकारांची अशीच तीन गटांत विभागणी केली होती. २०१८ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायाधिकरणाने त्यातल्या तरतुदी अवैध ठरवल्या आणि पुढच्या वर्षी ती पद्धत बंद झाली.

‘माझ्या संमतीशिवाय सरकार माहिती वापरू शकत नाही.’ शकतं. युरोपात अशा संस्थांचा आधार बहुतेकदा कायद्याने नेमून दिलेलं काम हा असतो. भारताच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचं कलम ७ सुद्धा सरकारी लाभ आणि सेवांसाठी अटींसह तशी मुभा देतं.

‘पुसा म्हटलं की पुसावंच लागतं.’ खासगी कंपनीला बहुतेक वेळा लागतं. सरकारी यंत्रणेला मात्र याच कायद्याच्या कलम १७ ने त्यातून सूट दिली आहे. ही सूट मला पटत नाही, पण ती आहे हे माहीत असायला हवं.

‘जातीची माहिती कायद्याने विशेष जपली जाते.’ नाही. युरोपच्या नियमांत वांशिक मूळ, आरोग्य, धर्म यांना वेगळं, कडक संरक्षण आहे. आपल्या २०२३ च्या कायद्यात संवेदनशील माहितीचा असा वेगळा वर्गच ठेवलेला नाही.

शेवटचा समज वकिलांकडूनही ऐकला आहे : ‘माहिती फुटली तर आयटी कायद्याखाली भरपाई मागता येते.’ त्या कायद्याचं कलम ४३अ नीट वाचा. ते व्यावसायिक कंपन्या आणि संस्थांना लागू होतं. सरकारी खातं त्याच्या व्याख्येत बसत नाही. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सरकारी कार्यालयांनाही अशी घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ या केंद्राच्या सायबर सुरक्षा यंत्रणेला कळवावी लागते, पण ज्याची माहिती गेली त्याला सांगण्याची सक्ती त्यात नाही. ती सक्ती २०२३ च्या कायद्याने आणली : बाधित व्यक्तीला विनाविलंब कळवायचं आणि ७२ तासांत डेटा संरक्षण मंडळाला सविस्तर अहवाल द्यायचा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि या तरतुदी लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली. ही मुदत यंत्रणा सज्ज करण्यासाठी आहे. तिच्या आत माहिती फुटली तरी लोकांना कळवायला कोणत्याही कार्यालयाला कायद्याची आडकाठी नाही. आपल्या जिल्ह्याच्या रोजगार केंद्राला हा प्रश्न आजच लेखी विचारता येतो : आमची नोंद किती वर्षं ठेवता, ती कोण कोण उघडू शकतं, आणि फुटली तर आम्हाला कोण कळवणार?