खाटेपाशी शिकावयाची विद्या

रायपूर शहरातील चौबे कॉलोनी मराठी माणसाला परकी वाटत नाही. १९३५ साली स्थापन झालेले महाराष्ट्र मंडळ येथेच आहे. जवळच्या जी. ई. रोडने पश्चिमेकडे गेले की टाटीबंधला २०१२ साली सुरू झालेले एम्स लागते. आणि १९६३ सालच्या वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय, ज्याला सारे शहर 'मेकाहारा' म्हणते, तेही फार दूर नाही. तेव्हा या वस्तीतील एखाद्या घरी मुलगा किंवा मुलगी डॉक्टरकी शिकत असेल, तर नवल नव्हे. त्यांच्या गळ्यातील स्टेथॉस्कोप घरच्या आजीच्याही ओळखीचा असतो. पण विद्यार्थिदशेतच रुग्णाच्या खाटेपाशी सोनोग्राफी करावयास शिकवावी, हा विचार आता जगभर बळावत आहे. अमेरिकेतील साउथ कॅरोलायना विद्यापीठाने २००६ सालीच ती वैद्यकीय अभ्यासक्रमात गोवली.

या यंत्राचे तत्त्व सोपे आहे. आपल्या कानाला न ऐकू येणारा ध्वनी शरीरात सोडावयाचा आणि परतलेल्या प्रतिध्वनीवरून चित्र उभे करावयाचे. मऊ अवयवांतून हा ध्वनी सेकंदाला सुमारे १,५४० मीटर वेगाने जातो. हवेपाशी मात्र जवळजवळ सारा मागे फिरतो. म्हणूनच त्वचेवर ती गार जेली लावतात. पडद्यावर द्रव काळा दिसतो, हाड पांढरे, आणि हाडामागे सावली.

खरी कसोटी आहे ती हाताची. विद्यार्थी प्रथम एकमेकांवरच सराव करतात. एक जण आडवा होतो, दुसरा उजव्या बरगड्यांखाली प्रोब टेकवून यकृत शोधू लागतो, आणि पहिल्या दिवशी बहुधा बरगडीची सावलीच पाहत बसतो! 'श्वास आत घेऊन धर' असे म्हटल्यावर यकृत खाली सरकते आणि सारे चित्र स्वच्छ होते. पुस्तकातील आकृती स्थिर असते. येथे मनगट किंचित वळले की दृश्य पालटते. यकृत आणि मूत्रपिंड यांच्यामधील फट ओळखावयास शिकणे विशेष मोलाचे आहे. अपघातात सापडलेल्या माणसाच्या त्या फटीत काळी पट्टी दिसली, तर पोटात रक्तस्राव होत असल्याची दाट शंका घ्यावी लागते. छत्तीसगडमध्ये सिकलसेलचा आजार पुष्कळ आढळतो. अशा बालकाची प्लीहा अकस्मात वाढली, तर हाताला जे जाणवले ते डोळ्यांनी पडताळता येते. तथापि आधी हाताने तपासावे आणि मग पडद्याकडे पाहावे, हा क्रम उलटला की यंत्र विद्यार्थ्याला आळशी करते, असे आम्हांस वाटते.

आपल्या देशात या शिक्षणाला आणखी एक मर्यादा आहे. परदेशी विद्यार्थी खिशात मावणारे यंत्र घेऊन हिंडू शकेल. चौबे कॉलोनीतील विद्यार्थिनीला मात्र ते आजीची छाती तपासण्यासाठी घरी आणता येणार नाही. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने १९८८ साली कायदा केला, १९९४ साली केंद्राचा कायदा आला, आणि प्रत्येक यंत्राची व ते वापरण्याच्या जागेची नोंदणी बंधनकारक झाली. २०१२ साली हलवता येणाऱ्या यंत्रांवरील निर्बंध अधिक कडक झाले. हा जाच अकारण नाही. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे छत्तीसगडात ९६९ मुली होत्या. सुधारलेल्या म्हणविणाऱ्या आपल्या महाराष्ट्रात अवघ्या ८९४!

पण या कायद्याकडे बोट दाखवून जेथे शिकवणेच टाळले जाते, तेथे तो युक्तिवाद आम्हांस पटत नाही. फुप्फुस, हृदय, यकृत, मूत्राशय शिकविण्यासाठी गर्भाशयाकडे वळण्याचे कारणच नाही. नोंदणीकृत रुग्णालयात, शिक्षकाच्या देखरेखीखाली, सहाध्यायी तरुणाच्या छातीवर प्रोब ठेवला तरी पुष्कळ शिकता येते. श्वासाबरोबर फुप्फुसाचे आवरण बरगड्यांखाली चमकत पुढेमागे सरकते. ती चमकती सरक ज्याने निरोगी मित्राच्या छातीत शंभरदा पाहिली असेल, त्याला एखाद्या रात्री धापा टाकणाऱ्या रुग्णाच्या छातीत ती थांबलेली चटकन जाणवेल, आणि आत हवा साचली असावी हे तो वरिष्ठांना वेळेवर सांगू शकेल.